व्हिसा नाकारला गेला: दुसऱ्या अर्जाची तयारी कशी करावी?

उंबरठा

नमस्कार.

परदेशातील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी केलेला विद्यार्थी व्हिसाचा अर्ज गेल्या महिन्यात नाकारला गेला. देशाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चर्चा त्या देशाच्या धोरणाकडे वळावी अशी माझी इच्छा नाही. शिवाय चूक बरीचशी माझ्याच बाजूची होती, असे आता वाटू लागले आहे. विद्यापीठातील प्रवेश पक्का होता, पहिल्या सत्राचे शुल्क भरलेले होते, इंग्रजीच्या परीक्षेत पुरेसे गुण होते आणि खात्यातील शिल्लक नियमात सांगितलेल्या रकमेहून अधिक होती. एकही कागद खोटा नव्हता. तरीही नकाराच्या पत्रात दोन कारणे आली. दाखवलेला पैसा कुठून आला आणि तो शिक्षणासाठी खरोखर हाताशी राहील का, याबद्दल अधिकाऱ्याचे समाधान झाले नाही, हे पहिले. माझ्या आजवरच्या शिक्षणाचा व नोकरीचा या अभ्यासक्रमाशी काय संबंध आहे हे स्पष्ट होत नाही, हे दुसरे.

सुरुवातीचे काही दिवस ते पत्र मला निव्वळ अन्याय वाटले. नंतर एका संध्याकाळी माझीच फाइल कुणा परक्या माणसाची आहे असे समजून पहिल्या पानापासून चाळली. खातेउतारा सहा महिन्यांचा होता. त्यातले पहिले पाच महिने अगदी एकसुरी आहेत: पगार येतो, भाडे जाते, हप्ता जातो, महिनाअखेर थोडेसे उरते. मग अर्जाच्या तीन आठवडे आधी, नऊ दिवसांच्या आत, चार मोठ्या रकमा जमा झालेल्या दिसतात. एक माझी मुदत ठेव मोडून आलेली, एक आईने दिलेली, एक मामांनी पाठवलेली आणि एक नोकरी सोडताना मिळालेल्या थकबाकीची. हे सगळे मला ठाऊक आहे. उताऱ्यावर मात्र चार आकडे आणि चार व्यवहार क्रमांक एवढेच छापलेले आहे. त्यांचा खुलासा करणारा एक ओळीचाही कागद मी जोडलेला नव्हता.

एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज), म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा आहे हे सांगणारे पत्र, एका सल्लागाराने लिहून दिले होते. पहिला परिच्छेद त्या देशातील जागतिक दर्जाच्या शिक्षणाबद्दल, दुसरा तिथल्या बहुसांस्कृतिक वातावरणाबद्दल, तिसरा विद्यापीठाच्या ग्रंथालयाबद्दल. वाणिज्य शाखेची पदवी आणि हिशेब विभागातली चार वर्षे यांच्यानंतर मला डेटा ॲनालिटिक्स का शिकायचे आहे, याचे उत्तर त्या दोन पानांत कुठेही नव्हते. माझे नाव काढून दुसऱ्या कुणाचे घातले असते तरी ते पत्र तसेच चालले असते.

आता पुन्हा अर्ज करायचा आहे. तो लगेच करावा की पुढच्या प्रवेशसत्रापर्यंत थांबावे, जुना नकार नव्या अर्जात कसा मांडावा आणि पैशाचे कागद कसे लावावेत, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

शिरस्ता

मी काही वर्षे एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागात काम केले आहे. व्हिसा देणे आमच्या हातात नव्हते, पण नाकारलेल्या फाइली आमच्याकडे परत येत आणि त्या वाचताना बऱ्याच गोष्टी लक्षात येत गेल्या.

‘व्हिसा’ या शब्दामागे लॅटिनमधील ‘चार्टा व्हिसा’, म्हणजे ‘पाहिलेला कागद’, हा प्रयोग आहे आणि तो आजही नेमका लागू पडतो. बहुतेक देशांत अधिकारी तुम्हाला पाहतच नाही. तो कागद पाहतो. अमेरिकेत मुलाखत होते, पण तीही बहुधा काही मिनिटांचीच असते आणि तिथे कायद्याचे गृहीतकच तुमच्या विरुद्ध आहे. १९५२ च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टमधील कलम २१४(ब) नुसार एफ-१ या विद्यार्थी व्हिसासारख्या व्हिसाचा प्रत्येक अर्जदार कायमचा राहायलाच येत आहे असे धरले जाते, आणि तसे नाही हे पटवण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. त्यामुळे ‘कागद खरे होते’ ही आपली तक्रार समजण्यासारखी असली तरी अधिकाऱ्यापुढचा प्रश्न वेगळा असतो. हाताशी असलेल्या थोड्या वेळात, समोर असलेल्या तेवढ्याच कागदांवरून त्याची खात्री पटते का, एवढेच तो पाहतो.

पैशाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. प्रत्येक देश एकच शंका वेगळ्या पद्धतीने विचारतो. जर्मनीने तर ती शंकाच जवळपास निकालात काढली आहे: विद्यार्थ्याने ‘श्पेरकाँटो’ नावाच्या बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे आणि तिथे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. ही रक्कम सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. पैसा कुणी दिला यावर तिथे फारसा खल होत नाही, कारण तो आता परत फिरवता येत नाही.

ब्रिटनची पद्धत कॅलेंडरची आहे. रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून मागे ३१ दिवसांच्या आत यायला हवा. मधल्या एका दिवशी जरी शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये शिकणाऱ्यासाठी राहण्याखाण्याचा खर्च म्हणून दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, असे जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे, न भरलेल्या शुल्काखेरीज दाखवावे लागतात. खाते विद्यार्थ्याचे किंवा आईवडिलांचे चालते. आईवडिलांचे असल्यास नात्याचा पुरावा आणि त्यांचे संमतिपत्र लागते. मामांच्या खात्यातील शिल्लक तिथे मोजली जात नाही, मग मामांचे प्रेम कितीही असो.

कॅनडा एका विद्यार्थ्यासाठी शुल्क व प्रवास सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर मागतो; हा आकडा १ सप्टेंबर २०२५ पासूनचा असून क्वेबेक प्रांताचे नियम वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात वर्षभराच्या राहण्याखाण्यासाठी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर धरले जातात. अमेरिकेत मात्र सरकार आकडा ठरवत नाही. विद्यापीठ आय-२० या प्रमाणपत्रावर खर्चाचा अंदाज छापते आणि तो कुठून भागवणार हे विद्यार्थ्याने सांगायचे असते. हे सर्व आकडे वरचेवर बदलतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात त्या त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्यावेत.

आपल्या फाइलीतील अडचण रकमेची नव्हती. अर्जापुरता पैसा उसना आणून खात्यात ठेवायचा आणि व्हिसा मिळाला की परत करायचा, हा प्रकार अधिकाऱ्यांना पाठ झालेला आहे. त्यांच्या डोळ्यांना आपला उतारा हुबेहूब तसाच दिसला. त्यावर उपाय साधा आहे: एका पानाचे निवेदन. ‘अमुक तारखेस जमा झालेली रक्कम ही माझ्या मुदत ठेवीची आहे, ठेवीची मूळ पावती आणि ती मोडल्याचे बँकेचे पत्र पुढील पानावर जोडले आहे’, अशा चार नोंदी आणि प्रत्येकीमागे तिचा कागद. आईने दिलेली रक्कम भेट असेल तर आईचे सहीचे पत्र, तिच्या उत्पन्नाचा पुरावा आणि आईच्या खात्याचा असा उतारा जोडा, की तिकडून पैसा निघाल्याची तारीख इकडे जमा झाल्याच्या तारखेशी जुळावी. मामांनी दिलेले कर्ज असेल तर तसेच लिहा. कर्ज असणे हा दोष नाही, पण कर्जाला भेट म्हणणे ही चूकच आहे.

पायवाट

शिरस्ता यांच्या मताशी बहुतांशी सहमत आहे, पण एक इशारा द्यावासा वाटतो. नकार मिळालेली माणसे दुसऱ्या वेळी घाबरून घरातला प्रत्येक कागद जोडतात. माझ्या एका सहकाऱ्याने दुसऱ्या अर्जाला दोनशेहून अधिक पाने लावली होती. त्यात शाळेतील वक्तृत्व स्पर्धेचे प्रमाणपत्रही होते. कामाचे पान त्या ढिगात हरवले तर ते न जोडल्यासारखेच आहे.

शिरस्ता

मान्य. चार रकमांचे निवेदन हे एकच पान राहू द्यावे आणि ते उताऱ्याच्या लगेच आधी यावे. उताऱ्यावर त्या चार नोंदींपुढे पेनने १ ते ४ असे आकडे घातले तरी पुरे.

उंबरठा

दोघांचेही आभार. जुन्या नकाराबद्दल मात्र माझ्या मनात अजून भीती आहे. ज्या सल्लागाराने एसओपी लिहिले होते त्याचे म्हणणे असे की, आता दुसऱ्या देशासाठी अर्ज करावा आणि नकाराच्या रकान्यात सरळ ‘नाही’ लिहावे, कारण एका देशाचे दुसऱ्याला कळत नाही. फॉर्म तोच भरून देणार आहे, म्हणजे मला त्या रकान्यावर खूण करावीही लागणार नाही, असे त्याने जवळजवळ धीर दिल्यासारखे सांगितले.

दुर्बीण

कृपया हे करू नका. एरवी मी या विषयांवर कमी लिहिते, पण इथे राहवत नाही.

एक तर ‘कळत नाही’ हे खरे नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश स्थलांतराच्या कामी बोटांचे ठसे व इतर माहिती एकमेकांशी ताडून पाहतात. ब्रिटन आणि कॅनडा यांचे फॉर्म तर केवळ स्वतःच्या देशापुरते विचारतच नाहीत. कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का, असा तो प्रश्न असतो.

दुसरे असे की नकार आणि खोटी माहिती यांचे परिणाम एका मापाने मोजता येणारे नाहीत. नकारानंतर तुम्ही पुन्हा अर्ज करू शकता. खोटी माहिती उघड झाली तर कॅनडात त्यांच्या कायद्याच्या कलम ४० नुसार पाच वर्षे प्रवेशास अपात्र ठरता. ब्रिटनमध्ये फसवणुकीच्या कारणाने दहा वर्षांपर्यंत अर्ज फेटाळले जाऊ शकतात. ऑस्ट्रेलियात ‘पीआयसी ४०२०’ या निकषाखाली तीन वर्षांची बंदी येते. अमेरिकेत तर जाणूनबुजून केलेल्या खोट्या निवेदनाने येणारी अपात्रता आयुष्यभराची आहे आणि तिला सूट मिळवणे हा एक वेगळाच लांबलचक उद्योग होऊन बसतो.

आणि ‘फॉर्म सल्लागार भरतो’ हा बचाव कुठेही चालत नाही. अमेरिकेचा डीएस-१६० हा फॉर्म दुसऱ्या कुणी भरून दिला तरी शेवटची इलेक्ट्रॉनिक सही अर्जदारानेच करायची असते. सही आपली म्हणजे विधान आपले. सल्लागार उद्या दुकानाची पाटी बदलेल. आपला पासपोर्ट आणि बोटे तीच राहणार आहेत.

नकार लिहायचा कसा, हे विचारले आहे. तीन वाक्ये पुरतात: कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रकारचा व्हिसा, कोणत्या कारणाने नाकारला गेला, त्या कारणाबाबत आता कोणता नवा पुरावा जोडला आहे, आणि नकाराच्या पत्राची प्रत कोणत्या पानावर आहे. अधिकाऱ्याला दोष देऊ नये आणि खंतही व्यक्त करू नये.

टिपणवही

मुदतीच्या प्रश्नाबद्दल. लगेच की थांबून, याचे उत्तर नकारावर दाद मागण्याची सोय कोणती आहे यावरही अवलंबून असते. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसात २८ दिवसांत ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू’ मागता येतो, पण त्यात अधिकाऱ्याची चूक झाली का एवढेच तपासतात. तुम्ही न जोडलेला कागद त्या टप्प्यावर जोडण्याची सोय नसते. कॅनडात अपील नाही, फेडरल न्यायालयात दाद मागता येते. देशाबाहेरच्या निर्णयासाठी त्याची मुदत ६० दिवसांची आहे. जर्मनीत पूर्वी ‘रेमॉन्स्ट्रेशन’ म्हणजे विनाशुल्क फेरविचाराचा अर्ज करता येत असे. ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. अमेरिकेत २१४(ब) खालच्या नकारावर अपील नाही. नवे शुल्क भरून कधीही पुन्हा अर्ज करता येतो.

आपल्या बाबतीत अधिकाऱ्याची चूक दाखवता येईल असे मला वाटत नाही, म्हणून नवा अर्जच योग्य. तो लगेच मात्र करू नये. तीन आठवड्यांपूर्वी आलेला पैसा अशी जी शंका होती, ती चार महिन्यांनी तोच पैसा तिथेच असलेला पाहून निम्मी आपोआप विरते. विद्यापीठाला पत्र लिहून प्रवेश पुढच्या सत्रात ढकलता येतो का ते विचारा. बरीच विद्यापीठे नकाराचे पत्र दाखवल्यावर तशी मुभा देतात.

आता एसओपीबद्दल, कारण या धाग्यावर त्याकडे अजून कुणी वळलेले नाही आणि माझ्या मते आपल्या फाइलीचा खरा प्राण तिथे आहे. आपण हिशेब विभागात चार वर्षे नेमके काय करत होता, ते इथे लिहाल का? पदाचे नाव नको. मंगळवारी सकाळी टेबलाशी बसल्यावर पहिले काम कोणते असे, ते सांगा.

उंबरठा

विचित्र प्रश्न आहे, पण लिहिते. महिन्याच्या सुरुवातीला पुरवठादारांची बिले आणि आमच्या नोंदवहीतील रकमा जुळवणे हे माझे काम. न जुळणाऱ्या नोंदी मी एका वेगळ्या तक्त्यात काढत असे. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आले की न जुळणाऱ्या बहुतेक नोंदी त्याच सात-आठ पुरवठादारांच्या असतात आणि त्या तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात वाढतात. मी तक्त्यात काही सूत्रे बसवून त्या आधीच वेगळ्या पडतील अशी सोय केली. पुढे नोंदी इतक्या वाढल्या की तक्ता उघडायलाच काही मिनिटे लागू लागली आणि माझे ज्ञान तिथे संपले. सांख्यिकी मी पदवीला एकच विषय म्हणून शिकले होते.

टिपणवही

हेच आपले एसओपी आहे. ‘माझे ज्ञान तिथे संपले’ हे वाक्य तर जसेच्या तसे ठेवा.

यानंतर फक्त दोन दुवे जोडायचे. अभ्यासक्रमाच्या विषयसूचीतील कोणते दोन-तीन विषय नेमकी ही उणीव भरून काढतात, ते त्यांच्या नावांसह लिहा; आणि शिकून झाल्यावर कोणत्या प्रकारचे काम करणार, ते लिहा. ‘जागतिक दर्जा’, ‘बहुसांस्कृतिक’, ‘स्वप्न’ हे शब्द गाळल्याने काहीही बिघडत नाही. ऑस्ट्रेलियाने तर आता निबंध मागणेच बंद केले आहे. फॉर्ममध्येच ठरावीक प्रश्न येतात आणि प्रत्येक उत्तराला १५० शब्दांची मर्यादा असते. अशा मर्यादेत ग्रंथालयाचे वर्णन बसवायला जागा राहत नाही, ही त्यातली चांगली गोष्ट.

पायवाट

‘शिकून झाल्यावर काय करणार’ या वाक्यावर थोडे थांबावे लागेल. मी स्वतः नोकरीच्या व्हिसावर गेलेला माणूस आहे आणि मला नेहमी वाटत आले आहे की विद्यार्थी व्हिसाच्या अर्जांत सर्वांत जास्त लपवाछपवी याच ठिकाणी होते. शिक्षणानंतर तिथे काही काळ नोकरी करायची इच्छा जवळजवळ प्रत्येकाला असते आणि लिहितात मात्र सगळे, की पदवीच्या दुसऱ्या दिवशी परत येणार. अधिकाऱ्यालाही हे कळते. मग खरे लिहावे की नाही?

शिरस्ता

पायवाट यांनी नेमका दुखरा भाग दाबला आहे. खरे लिहावे, पण कोणत्या देशाच्या कायद्यात त्या खऱ्याचा अर्थ काय होतो हे जाणून लिहावे.

अमेरिकेच्या एफ-१ व्हिसाच्या व्याख्येतच असे आहे की अर्जदाराचे मायदेशी घर असावे आणि ते सोडून देण्याचा त्याचा हेतू नसावा. त्याच वेळी तोच देश पदवीनंतर ‘ओपीटी’ म्हणून १२ महिने, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक शाखांना आणखी २४ महिने, कामाची परवानगी देतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. शिक्षणाशी जोडलेला मर्यादित कामाचा अनुभव घ्यायचा आहे असे म्हणणे वेगळे आणि तिथेच स्थायिक व्हायचे आहे असे म्हणणे वेगळे. कॅनडाच्या कायद्यात कलम २२(२) हा दुहेरी हेतू स्पष्टपणे मान्य करते: पुढे कधी स्थायिक होण्याची इच्छा असणे हे तात्पुरत्या परवान्याच्या आड येत नाही, मात्र मुदत संपल्यावर परवाना नसेल तर देश सोडाल, हे अधिकाऱ्याला पटले पाहिजे. ऑस्ट्रेलियात २३ मार्च २०२४ पर्यंत ‘जेन्युइन टेम्पररी एन्ट्रंट’ हा निकष होता. त्यातला ‘तात्पुरता’ हा भाग गेला आणि ‘जेन्युइन स्टुडंट’ आला, म्हणजे आता भर शिक्षणाच्या खरेपणावर आहे. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर काम करण्यासाठीचा ‘ग्रॅज्युएट’ व्हिसा सध्या दोन वर्षांचा असून १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो १८ महिन्यांचा होणार आहे. पीएचडीधारकांची तीन वर्षे कायम आहेत.

नमुन्याचे एसओपी उतरवून काढण्याचा धोका इथेच दिसतो. एका देशासाठी निरुपद्रवी असलेले वाक्य दुसऱ्या देशाच्या फाइलीत नकाराचे कारण होऊ शकते.

पायवाट

उत्तर पटले. ज्यांना थेट नोकरीवर जायचे आहे त्यांच्यासाठी इथेच थोडे लिहून ठेवतो.

नोकरीच्या व्हिसात सिद्ध करण्याचा बराच भार मालकावर असतो, त्यामुळे आधी मालक तपासावा. ब्रिटनमध्ये परवानाधारक मालकांची यादी सरकार जाहीर करते. ज्या कंपनीचे नाव त्या यादीत नाही ती व्हिसासाठी लागणारे ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ देऊच शकत नाही, मग पत्रावर कितीही शिक्के असोत. जुलै २०२५ पासून तिथल्या ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसात वर्षाला ६५,००० व्हिसा आणि अमेरिकेतील पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी आणखी २०,००० अशी संख्येची मर्यादा असते. मागणी त्याहून खूप अधिक असल्याने मार्चमध्ये नोंदणी करून निवड होते. त्यात भर म्हणून सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचा बोजा आणला. जर्मनीचे ‘चान्सनकार्टे’ जून २०२४ पासून सुरू आहे: शिक्षण, भाषा, अनुभव अशा निकषांवर किमान सहा गुण जमले, की नोकरी हातात नसतानाही एक वर्षापर्यंत तिथे राहून ती शोधता येते आणि दरम्यान आठवड्याला २० तास काम करता येते.

नोकरीचे पत्र देण्यासाठी जो पैसे मागतो त्याच्याशी पुढे बोलू नये. ब्रिटनमध्ये ‘इमिग्रेशन स्किल्स चार्ज’ हा कर मालकाने कर्मचाऱ्याकडून वसूल करणे नियमातच बसत नाही.

दुर्बीण

मूळ विषयाकडे येते. उंबरठा, पासपोर्टवरील नाव, गुणपत्रिकेवरील नाव आणि बँक खात्यावरील नाव एकदा शेजारी ठेवून पाहा. पैसा व हेतू सोडून तिसरी अडचण बहुधा तिथे निघते.

उंबरठा

पाहिले, आणि खरोखरच निघाली. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर शेवटी, आणि बँकेत वडिलांच्या नावाचे एकच अक्षर. पहिल्या अर्जात मी हे तसेच जाऊ दिले होते. आता तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र करून घेतले आहे आणि बँकेतील नाव पासपोर्टप्रमाणे बदलण्यासाठी अर्ज दिला आहे.

उंबरठा

बऱ्याच दिवसांनी लिहीत आहे. विद्यापीठाने प्रवेश पुढच्या सत्रात ढकलून दिला. मी त्याच देशासाठी पुन्हा अर्ज केला, सल्लागाराशिवाय. नकाराच्या रकान्यात ‘होय’ लिहिले आणि दुर्बीण यांनी सांगितलेली तीन वाक्ये त्याखाली घातली. मामांची रक्कम मी त्यांना परत केली आणि तेवढ्याच रकमेचे शैक्षणिक कर्ज मंजूर करून घेतले, कारण मामांच्या रकमेला भेट म्हणावे की कर्ज यावर आमच्या घरात एकमत होईना. बँकेचे मंजुरीपत्र अधिक सरळ वाटले. मामा थोडे नाराज झाले आहेत. एसओपी दीड पानाचे झाले. त्यात तो न उघडणारा तक्ता पहिल्याच परिच्छेदात आहे. एकूण पाने ४६.

बोटांचे ठसे देऊन आले. खिडकीपलीकडच्या बाईंनी पासपोर्ट ठेवून घेतला आणि पावती दिली. निर्णयाला किती दिवस लागतील ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

शिरस्ता

वाट पाहताना एक गोष्ट करू नये: खात्यातील पैशाला हात लावू नये. निर्णय होईपर्यंत अधिकारी ताजा उतारा मागवू शकतो. आणि व्हिसा आलाच तर तिकीट काढण्याआधी त्यावरील नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख आणि प्रवेश कोणत्या तारखेपासून करता येतो हे पाहून घ्यावे. अमेरिकेच्या एफ-१ वर, उदाहरणार्थ, अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी देशात शिरता येत नाही. व्हिसा असूनही विमानतळावरचा अधिकारी पुन्हा प्रश्न विचारू शकतो, म्हणून त्या ४६ पानांची एक प्रत हातातल्या पिशवीत असू द्यावी. मोठ्या बॅगेत ठेवली तर तिथे तिचा उपयोग होत नाही.

उंबरठा

व्हिसा आला. स्पेलिंग बरोबर आहे. प्रवेशाची तारीख मात्र मी मनात धरलेल्या तारखेच्या पाच दिवस नंतरची निघाली, त्यामुळे तिकीट आधी काढले नव्हते हे बरे झाले. मामांना फोन केला आहे. विमानतळावर सोडायला तेच येणार आहेत.